पावडी

जावयाने पुण्याहून पाठवली.
खोक्यावर छापलेलं, ‘सावकाश हाताळा’.
अंबूबाई म्हणाली, हे सायकलीबद्दल आहे
का तुमच्याबद्दल?

एकोणसत्तरावं लागलंय. डावा गुडघा
जिन्याला सरळ नाही म्हणतो.
डॉक्टर मादगुंडींनी छातीत जाळी बसवली
आणि सांगितलं, व्यायाम करा, पण धाप लागू देऊ नका.
म्हणजे पोहा,
पण अंग भिजू देऊ नका.

पहाटे साडेपाचला दाजी पेठेतून निघतो.
पायडल मारलं की पाठीवर
कुणी तळहात टेकवल्यासारखं वाटतं,
पोराला सायकल शिकवताना टेकवतात तसा.
फक्त हा हात सोडून देत नाही.

तुळजापूर नाक्यावर टपरीशी इस्माईल तांबोळी,
एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर,
अजून सगळ्यांना तिकीट विचारल्यासारखा बोलतो.
“काय बे नरसय्या, व्यायाम करलालास
का बॅटरीला फिरवून आणलालास?”
सगळे हसले. मीपण हसलो.
पण रूपाभवानीच्या चढापर्यंत
ते वाक्य कॅरियरवर बसून आलं.

मनगटावरचं घड्याळ चढाला एकशे आठ दाखवतं.
टीव्हीपुढे बहात्तर.
जुन्या काळ्या सायकलीवर एकशे सेहेचाळीस दाखवलं होतं,
त्या दिवशी मी लिंबाखाली बसून राहिलो
आणि एका दूधवाल्यानं मला
किटल्यांच्या मध्ये बसवून घरी सोडलं.
तेव्हापासून ती भिंतीला टेकलेली,
तिच्यावर टॉवेल वाळतात.
आता यात खरा व्यायाम कुठला, तुम्हीच मांडा.

नायना हातमागावर बसायचे.
खड्ड्यात पाय, पायाखाली पावडी,
डावी, उजवी, डावी,
लुगड्याचा बोट-बोट गुडघ्यातून निघायचा.
मी यंत्रमागावर लागलो त्या रात्री
ते ताटावरून उठले. तेलुगूत म्हणाले,
तू विणत नाहीस. मोटर विणते, तू राखण करतोस.

चार माग, बारा तास, उभ्यानं.
तुटलेला धागा शोधत दोन मागांच्या बोळातून
किती कोस चाललो, कुणी मोजले नाहीत.
उजवा कान गेला. पोटऱ्यांवर
निळ्या शिरांच्या गाठी आल्या.
राखण करणाऱ्याला येतात का अशा गाठी?
शेवटच्या दुखण्यात नायनांनी
माझ्याच मागावरची चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.
कुणी विणली, ते विचारलं नाही.

हिप्परग्याचं पाणी मी अकरा वर्षांनी पाहिलं.
कडेला चिखल, लांब पायांचे दोन पक्षी,
आणि माझा श्वास, माझ्याच आवाजात,
मोठा, पण भ्यालेला नाही.
अर्धा तास बसलो. शेंगा खाल्ल्या.

परतताना बॅटरी संपली.
रात्री लाइट गेली होती, ते ध्यानात नव्हतं.
तो तळहात एकदम निघाला
आणि चोवीस किलो लोखंड माझ्या अंगावर आलं.
उतरलो. ढकलत चढ चढलो,
तीनदा थांबलो, एकदा शिवी दिली,
ती जावयाला का मोटरला, कळलं नाही.
इस्माईलनं लांबूनच ओळखलं.
“आता कसं! आता झाला बघ व्यायाम!”
आणि स्वतःच्या चहाचा कप
बशीसकट माझ्या हातात दिला.

चार दिवस पोटऱ्या ठणकल्या.
अंबूबाईनं तेल चोळलं, तोंड सोडलं.
पाचव्या दिवशी परत निघालो, बॅटरी दोनदा बघून.

काल इस्माईल हळूच म्हणाला, दे बे एक राउंड.
लुंगी खोचून गेला, घंटी वाजवत,
वीस मिनिटं आलाच नाही.
आला तेव्हा कपाळ चमकत होतं,
गंजी पाठीला चिकटलेली.
घाम ना रे? मी विचारलं.

“छे बे,” म्हणाला, “दव आहे.”

सोलापुरात.
एप्रिलमध्ये.