पोटहिस्सा

मोजणीदार साहेब, आधी चहा घ्या.
मशीन हिवराखाली ठेवा.
काटे पडतात, पण दुसरी सावली नाही इथे,
आजोबांनी होऊच दिली नाही.
माळावर झाडं दाटली की काळवीट बिचकतं, म्हणायचे,
त्याला लांबचं दिसावं लागतं.

हा रमणा. सातबाऱ्यावर पोटखराब.
मुंतखबात मात्र त्याच्या अडीच ओळी आहेत, उर्दूत.
मला वाचता येतात, भावाला येत नाहीत.
चारशे बारा एकर, गवत, पाणवठा,
आणि त्यावर जे चरतं, जे उडतं, ते.
सीलिंगमध्ये गेलं ते गेलं.
एकशे आठ राहिले.

शिकार व्हायची, खोटं कशाला बोलू.
औरंगाबादहून मोटारी यायच्या.
पडवीत शिंगांच्या एकोणीस जोड्या होत्या,
आईने बरीच वर्षं त्यांच्यावर कपडे वाळत घातले.
पणजोबांचा नियम असा:
मादीवर बार नाही, पाण्यावर आलेल्यावर बार नाही.
मोडला एकदाच, त्यांनी स्वतः,
अव्वल तालुकदार पाहुणे होते.
त्या रात्री पणजोबा जेवले नाहीत, असं घरात सांगतात.
जेवले असतील. मला काय माहीत.

अ‍ॅक्शननंतर बंदुका कचेरीत जमा झाल्या.
चारांतली एक परत आली, चाप नसलेली.

मग बहात्तर.
दिल्लीहून कायदा आला
आणि आभाळातून काहीच आलं नाही.
जनावरं घेऊन गाव कुंपणाशी उभं राहिलं.
आजोबांनी फाटक उघडलं नाही, विळे वाटले.
घरटी रोज दोन पेंढ्या, कापून न्या, खूर आत नको.
शिव्या पडल्या. एक दगडही पडला,
कपाळावरची ती खोक मी हात लावून पाहायची.
पुढच्या मृगात या शिवारात
मुळं शाबूत होती ती इथलीच.

झुंबर काळे आला तो फासे घेऊन.
त्याची एक शिकवलेली गाय होती,
तिच्या आडोशाने तो तित्तरापर्यंत चालत जायचा.
सापडला, तेव्हा आजोबांनी एवढंच विचारलं: किती आहेत?
त्याने सांगितलं, कोणत्या ताटव्यात किती,
कुणाची पिल्लं अजून उडत नाहीत.
त्या दिवसापासून तो राखणदार, गायीसकट.
वीस कोसांवर कुठे घर फुटलं
की पोलीस झुंबरला न्यायचे,
आणि आजोबा टोपी घालून भूमच्या ठाण्यात
बाकड्यावर बसून राहायचे, तो सुटेपर्यंत.
एकदा चार दिवस.
तरी त्याच्या नावावर एक गुंठा नाही, साहेब.
हे आमच्याकडून राहिलं.
नकाशात लिहायला जागा असेल तर लिहा.

मुज्तबा पुण्याला असतो.
पवनचक्कीवाल्यांना त्याने सही दिली आहे.
शरियतने दोन हिस्से त्याचे, एक माझा, भांडण नाही.
वरचं टेकाड त्याच्याकडे जाऊ द्या, वारा तिथेच आहे.
लांडगीचं बीळही तिथेच.
ती पिल्लं तोंडात धरून निघेल, कुठे ते तिलाच ठाऊक.
मला झोप लागणार नाही, ती गोष्ट वेगळी,
तिचं माप तुमच्याकडे नसतं.
माझे छत्तीस एकर खालून काढा,
पाणवठा आणि पवन्याचं गवत धरून.
एक सलग तुकडा. काळविटांना वाटण्या कळत नाहीत.

ही वैजंता, झुंबरची नात.
काल तिने मोजली: तेवीस, एक लंगडं.
चुकली असेल तर एखाद्याने.
ती पुढे चालेल. तिच्या पावलावर पाऊल ठेवा,
दुसरीकडे टाकू नका.

आणि हो, ती तिसरी खुंटी,
जिथे तुम्ही मघाशी चुना टाकलात,
ती जरा अलीकडे घ्या.
तिथे खड्यांत टिटवीची चार अंडी आहेत,
खड्यांसारखीच दिसतात.
तीन हात कमी पडले तर माझे पडू द्या.
भावाकडे लावा.