जाळ बेतानं

वडणग्याच्या गुऱ्हाळातून
बंडा जळव्यानं पुडीत बांधून दिली
चिमणीची काजळी.
"एवढ्याचं काय करनार, दात घासनार?"

विद्यापीठात, अंधाऱ्या खोलीत,
काचपट्टीवर चिमूटभर ठेवून
हिरवा लेसर सोडला.
पडद्यावर नुसता चढ. टोक कुठंच नाही.
भिंगातून पाहिलं तर काजळीला भोक.
जळून उरलेलं
मी पुन्हा जाळलं होतं.

पाक काहिलीच्या काठाशी आला
की बंडा चिपाडाचा हात मागं घेतो:
"जाळ बेतानं, बाई."

शंभरातला एक भाग उजेड ठेवला.
वीस मिनिटं. वीज गेली. पुन्हा वीस.
मग उठली दोन शिखरं:
पंधराशे ऐंशीपाशी शिस्तीतले षटकोन,
तेराशे पन्नासला, त्याहून उंच,
मोडक्या कडा, सुटलेल्या जागा.
वहीत आम्ही त्यांना दोष म्हणतो,
आणि पाण्यातलं शिसं धरून ठेवायला
त्यांच्याकडेच जातो.

शनिवारी बंडाला कागद दाखवला.
त्यानं चुलवाणापासून लांब, उजेडात धरला.
"ह्यो डावीकडचा पन्हाळा. ह्यो जोतिबा.
हितनं असंच दिसतंय की!"

पन्हाळ्यावर त्याच्या बोटाचा
काळा ठसा राहिला.
तोच कागद मी प्रबंधाला जोडला.