पाणी: ४१२ निकाल

यावलच्या वाचनालयात, चैत्रातल्या दुपारी
वीज गेली की इन्व्हर्टरवर संगणक चालतो, पंखा नाही.
तसा ठराव आहे. सूचक कोण, अनुमोदक कोण,
आता कुणीच कबूल करत नाही.

लुकमान तडवी अशा वेळी आला.
बोअरच्या गाडीवर असतो. कानाच्या पाळ्यांपर्यंत
खडकाची पांढरी भुकटी.
चपला बाहेर काढल्या. तशी पाटी कुठेही नाही.

पुस्तकाचं नाव?
"नाव नाही मालूम."
लेखक?
"मास्तर होता कोनी, फैजपूरकडचा. सायकलीवर यायचा.
बारीक पुस्तक. खाकी पुठ्ठा.
आत माह्या बाच्या हातांचा फोटू हाये."

चौकटीत मी पाणी टाकलं.
चारशे बारा निकाल,
पाणीपुरीच्या तीन प्रकारांसकट.

म्हणून शब्द सोडून आकड्यांकडे गेले.
शब्द कुठंही सांडतात, आकडा मात्र जागचा हलत नाही,
असं आम्हाला प्रमाणपत्राच्या वर्गात शिकवलं होतं, जळगावला.

५५१, भूशास्त्र. दशांशापुढे ४९, भूजल.
सहा पुस्तकं. बेसाल्टचे थर, गाळाची जाडी,
आणि आलेख, सगळेच उजवीकडे उतरणारे.
वडील नक्की काय करायचे?
"पानी सांगायचा. पायाळू होता."
मग ५५१ नाही.
६३१.७, सिंचन: ठिबक, ठिबक, केळीला ठिबक.
३९८, लोकसाहित्य: पाण्यातून परी निघाली,
पाणी काढणारा नाही.
फांदी कशाची धरायचे, लिंबाची?
"जांभळीची." त्यानं दोन्ही मुठी पुढं केल्या
आणि माझ्या टेबलावरच्या फायलींवर
हळूच खाली झुकवल्या.

कुठं जायचं ते मला माहीत होतं. टाळत होते.
१३३.
हस्तसामुद्रिक, भुताटकी, स्वप्नांचे अर्थ,
आणि दशांशाच्या दोन-तीन पायऱ्या उतरून
काठीनं जमिनीतलं पाणी ओळखणारे.
ज्यानं कुणी त्यांना तिथं बसवलं
त्यानं डोंगरकठोऱ्याच्या विहिरी पाहिल्या नसणार.
शून्य निकाल.
पुस्तक सापडलं नव्हतं, तरी मला उगाच बरं वाटलं.

"आठशे फुटावर बी भुकटीच निंघते आता, बाई.
बाचं पानी पस्तीस हातावर होतं."
तक्रार नव्हती ती. माप सांगत होता.

तो उठला तेव्हा सुचलं.
नोंदी भरल्या कॉलेजातल्या पोरांनी, नगाला तीन रुपये,
परीक्षेच्या तोंडावर. सहाचा नऊ, आठाचा शून्य.
मी १३३ उलटा टाकला.

३३१. श्रम.
विडी कामगार आणि हमाल-मापाडी यांच्या मधोमध
'झऱ्याचा माग', पृष्ठे चौसष्ट.

कपाटातही ते तिथंच होतं, खाकी,
चिठ्ठीवर तोच आकडा.
पान त्रेचाळीस. दोन हात, कोपरापर्यंतच, एक फांदी.
खाली छापलेलं: एक पाणाड्या.
लुकमाननं फोटोशेजारी आपला पंजा ठेवला.
"करंगळी पाहा."
दोन्ही वाकड्या, एकाच पेराशी.

अनामत पाचशे, वर्गणी वेगळी. पगार झाल्यावर, म्हणाला.
मोबाइलमध्ये पान घेतलं, पुसलेल्या बोटानं पुन्हा एकदा घेतलं,
चपला घातल्या.

संध्याकाळी मी चुकलेले आकडे दुरुस्त करत बसले.
एकतीस नोंदी झाल्या. बत्तिसावी उघडली,
आणि तशीच ठेवली.
तपासणीला आले तर सांगेन, नजरचूक.

प्रत्येक नोंदीच्या तळाशी 'टीप' नावाचा रकाना असतो,
तो कुणी भरत नाही. त्यात लिहिलं:
पान ४३ वरचे हात रसूल तडवी यांचे, डोंगरकठोरा.

मग नुसतं बघायला म्हणून
चौकटीत रसूल टाकलं.
पंखा अजून बंदच होता.
एक निकाल.