गाळलेल्या चार ओळी

लुशिंगेने ती कॅसेट आणली तेव्हा
तिच्यात आधीच कुणाचंतरी लग्न होतं.
पहिली दोन मिनिटं ढोल, बायकांचा कल्ला,
कुणी मामा माईक हातात घेऊन नुसताच खोकतो,
आणि मग, दार लाथेने उघडावं तसा,
दार-एस-सलामचा एक पोरगा बोलायला लागतो.
गात नव्हता. बोलतच होता.
पण माझे पाय ते मानायला तयार नव्हते.

इगोगोच्या उतारावर, दगडांच्या बेचक्यात आमचं घर.
वीज खाली बाजारापर्यंत येऊन दमलेली.
टेपला सहा सेल लागायचे, आणि सहा सेल म्हणजे
आईचे दोन दिवस विकलेले दागा, बोटाएवढे मासे.
म्हणून संपलेले सेल आम्ही उन्हात टाकायचो,
दागांच्याच चटईवर, त्यांच्याच रांगेत.
अजून कुठे तो ठेका कानावर पडला
की मला आधी सुकटीचा वास येतो.

शाळेत इंग्रजी.
स्वाहिलीचा एक शब्द निसटला की गळ्यात लाकडी पाटी.
ती दिवसभर या गळ्यातून त्या गळ्यात फिरायची,
घंटा होताना जिच्याकडे उरेल, तिने संडास धुवायचे.
मी पुष्कळ धुतले.
धुताना तोंडातल्या तोंडात त्या पोराचे शब्द,
कंडक्टरांचे, उधारी मागणाऱ्यांचे,
झाडू आपटून मात्रा मोजायची, पाणी ओतून सम.
तो आपल्या वस्तीतल्या गटाराचं नाव घ्यायचा, यमकात बसवून.
गटार आमच्याकडेही होतं, मिरोंगो,
पण त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं असतं
हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग एका रात्री यंत्राने फीत गिळली.
लुशिंगेने पेन्सिलीने ओढून काढली, चुरगळलेला भाग ब्लेडने कापला,
दोन टोकं चिकटपट्टीने जोडली.
तिसऱ्या गाण्यातल्या चार ओळी केराच्या टोपलीत गेल्या.
तेव्हापासून तो म्हणायचा:
"निघताना मी आईला म्हटलं..."
झुप्
"...आणि बस निघून गेली."

काय म्हटलं?
लुशिंगे म्हणायचा, पैसे पाठवीन म्हणाला असेल.
मी म्हणायची, नाही, शिवी दिली असेल, मग रडला असेल.
मी वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहिल्या,
खोडल्या, पुन्हा लिहिल्या.
त्या फटीवर आवाज चढवून म्हणायची, बरोबर झुप्पच्या मापात.
लुशिंगे गेइटाच्या सोन्याच्या खाणीत गेला त्या वर्षी
ओळी बदलल्या.
तो पहाटे न सांगता गेला होता.
आई मासे निवडत बसली होती, मी टेप लावली,
त्या फटीत त्याच्या वतीने जे म्हणायचं ते म्हटलं.
आई म्हणाली, आवाज कमी कर.
पण बंद कर म्हणाली नाही.

परवा दुपारी, कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत,
फोनवर ते गाणं सापडलं. अख्खं.
डबा तसाच ठेवून ऐकलं.
निघताना मी आईला म्हटलं,
भात झाकून ठेव, उशीर होईल.
आणि पुढच्या तीन ओळी चक्क नव्या बुटांबद्दल.

हसले आधी. मग राग आला.
मग पुन्हा लावलं.
वीस वर्षं मी त्या फटीत काय काय कोंबलं,
आणि तिथे भात होता.

आता मी दुभाषी आहे. सुकुमातून स्वाहिली,
साक्षीदाराचं बोलणं न्यायाधीशांपर्यंत न सांडता न्यायचं.
मागूचा म्हातारा कोळी, न्गासा, पिंजऱ्याला धरून सांगतो:
"होडी उलटली तेव्हा मी पोराला म्हटलं..."
आणि थांबतो.
न्यायाधीश माझ्याकडे बघतात.
वकील घड्याळाकडे.
मी काही भरत नाही.
चार ओळींएवढी वाट बघते, हवं तर आठ,
टेबलाखाली पाय तेवढा चालू असतो.