झाकण उघडायचं नाही

वरच्या खोलीतला आजऱ्याचा सुमेध
तीन महिन्यांचं भाडं थकवून पुन्हा बोटीवर गेला
आणि भाड्यापोटी हे ठेवून गेला:
चिनीमातीचं भांडं, काचेचं झाकण,
एक वायर, एक बटण,
आणि वहीच्या फाटक्या पानावर
ग्रीस देशातल्या लिंबू-कोंबडीची कृती.
खाली दोनदा रेघ मारलेली:
काकी, सहा तास. झाकण उघडायचं नाही.

सहा तासांत मी दोन पंगती उठवते.

पण फाल्गुनात हिंदुरावांच्या पोटाचं ऑपरेशन झालं.
डॉक्टरांनी तिखट तोडलं,
लाईटवाले येऊन कनेक्शन तोडतात तसं,
कागद दाखवून.
तेव्हापासून ताटात मऊ भात, दुधी,
आणि तोंडातही तेवढंच:
हूं. बास. पाणी.

आज सोमवार. कारखाने बंद, म्हणून खानावळही बंद.
सोमवारी कोंबडी? दुकानदारानं भुवया चढवल्या.
देवाला मी आधीच सांगून आले होते, हे औषध आहे.
ऑलिव्हचं तेल मेडिकलात मिळालं,
बाळाला चोळायचं, एवढीशी बाटली.
"मामी, नातू झाला काय?"
म्हटलं, "व्हय. अडुसष्ट वर्षांचा."
ओरेगॅनो भाचीच्या ड्रॉवरमधनं,
पिझ्झाबरोबर आलेल्या सतरा पुड्या.
लिंबं कपिलतीर्थातली, पातळ सालीची.
तंगड्या, बटाटे, लसणाचा अख्खा गड्डा, मीठ.
सवयीनं हात चटणीच्या बरणीकडं गेला
आणि मधेच थांबला,
परक्याच्या दारात थांबावा तसा.

मग बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही.
ना तडतड, ना ठसका.
अकराला भिंतीपलीकडनं जैबूनभाभी:
"आज चूल पेटली न्हाई व्हय? समदी बरी हायत न्हवं?"
आमच्या गल्लीत ज्या घरातनं ठसका येत नाही
त्या घरी माणसं चपला बाहेर काढून, हळू आवाजात येतात.

दोनला राहवलं नाही. झाकण उचललं.
वाफ तोंडावर आली, गेली.

"झाक ते."
खिडकीजवळच्या खुर्चीतनं.
"ओतीव आत लाल असताना साचा फोडला की तडा जातो.
शिरोलीत चाळीस वर्षं पोरांना हेच सांगितलं.
वरनं कळत नाही. तडा आतनं जातो."

मी झाकण ठेवलं.
पदरानं हात पुसत उभी राहिले, नुसती.
मग त्यांनी इचलकरंजीच्या गुंडूची गोष्ट सांगितली,
ज्यानं लग्नाला जायच्या घाईत
पंपाचे अकरा साचे फोडले,
आणि अकराही भंगारात गेले,
आणि लग्न दुसऱ्याच दिवशी होतं.
हसताना टाक्यांवर हात ठेवला त्यांनी.
साडेतीनला लाईट गेली. मी हळहळले.
"भांडं ऊब धरतंय, हात लावून बघ."
लावला. धरत होतं.

रात्री हाडापासनं मांस आपणहून सुटलं.
पांढरा रस्सा नव्हे हा,
त्याला खोबऱ्याचा, खसखशीचा केवढा तोरा.
हा फिका, पिवळसर,
लिंबाच्या दोन चकत्या तरंगणाऱ्या.
त्यांनी भाकरी कुस्करली. मी पाण्याचा तांब्या
उगाच इकडचा तिकडं केला.

"आंबट आहे."

अर्धी भाकरी संपल्यावर:
"आंबट म्हणजे काहीतरी लागतंय जिभेला."

नंतर ओट्यापाशी उभ्यानं
मी माझ्या वाटीत चटणी घातली. दोन चमचे.
जैबूनभाभीच्या वाटीतही घातली,
नाहीतर ती उद्या दवाखान्याचा पत्ता विचारत आली असती.

सुमेधचं पान, तेलाचा डाग पडलेलं,
खिळ्याला लावलं,
भाड्याच्या पावत्यांच्या वर.