लोचणं

पहाटे साडेतीनला घाटा रटरटायला लागतो
तेव्हा आमची शाळा भरते.
तीन दिवस भिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास,
लसूण, तीळ,
आणि धाब्यावर अजून न विझलेल्या चांदण्या.
यामिनी पळीनं घाटा टाकत जाते ओल्या धोतरावर,
निधी पाण्याचा हात लावून फिरवते, फिरवते,
तिचा एकही बिबडा गोल होत नाही.
"हा कोणता देश?" मी विचारते.
"श्रीलंका," नीट बघून सांगते.

आठ वाजले की पाय पोळतात.
सावद्याचा एप्रिल. केळीच्या बागांवरून येणारा वारासुद्धा
तव्यावरून उतरल्यासारखा.
खाली येतो, दार लोटतो, पाट्या काढतो.
प्रमिलावहिनी उंबऱ्यातूनच,
"काय वं माय, पोरं यंदाबी घरीच?"
मी तिच्या हातात वाटीभर चीक देते, वर तेल घालून.
तोंडात घास असला की प्रश्न जरा मऊ होतो.

उत्तर लांब आहे.
लोकेश तिसरीत होता. अक्षरं त्याच्यासमोर
जागा बदलायची, सरांना वाटायचं मस्ती.
अठरा दिवस उभा होता वर्गाबाहेर, चपलांच्या शेजारी.
मला कळलं ते एकोणिसाव्या दिवशी, तेही यामिनीकडून.
त्याच दुपारी दोघांची दप्तरं घेऊन आले.
निधी तर शाळेत गेलीच नाही कधी.

गेल्या जूनमध्ये कैरीला मीठ त्यानंच लावलं.
चार वाट्या फोडींना किती, दहाला किती,
बोटांवर न मोजता.
मग बरणीवर चिकटवायला चिठ्ठी लिहिली, जीभ बाहेर काढून.
'लो' त्याला येतो, तो त्याच्या नावातलाच.
पुढची दोन अक्षरं मात्र आपापसांत जागा बदलून बसली:
लोचणं.

यामिनी हसणार होती. मी तिच्याकडे पाहिलं.
रात्री हे दिल्लीला केळी उतरवून आले,
हातपाय धुतले, बरणी पाहिली,
आणि चेहरा जराही न हलवता म्हणाले,
"थोडं लोचणं वाढ."

वर्षभर मग आमच्या घरात लोचणंच होतं.
खिचडीवर लोचणं, शिळ्या भाकरीशी लोचणं.
वहिनीसुद्धा एकदा बोलून गेली,
"तुमच्या लोचण्याला बुरशी कशी लागत नाही गं?"

आज बरणी तळाला गेली.
मी धुवायला घेतली तर हा पेन्सिल घेऊन उभा.
"आई, हे चुकलंय."
कुणी सांगितलं नव्हतं.
नव्या कागदावर सावकाश लिहिलं,
एकेक अक्षर जागेवर बसवत, वर अनुस्वार.
मी शाब्बास म्हणाले. मोठ्यानंच म्हणाले.

मला टिकवणं येतं.
तेल एक बोट वर तरंगायला हवं, ओला चमचा नको,
मिरची कुठल्या उन्हात लाल राहते आणि कुठल्यात काळवंडते,
हे सगळं माझ्या हातांना ठाऊक आहे.
तरी ती जुनी चिठ्ठी हातात घेऊन
मी मोरीपाशी बसून राहिले.
बिबडा धोतरावरून सोडवतात तशी सोडवली होती,
मागून पाण्याचा हबका मारून, कडेकडेनं,
न फाटता.
पोटातल्या चौथ्यानं लाथ मारली तेव्हा उठले.
चिठ्ठी कुरडयांच्या डब्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला.
कोरडी राहील.

रात्री हे ताटावर बसले.
"लोचणं आहे का रे थोडं?"
"बाबा, लोणचं म्हणतात," लोकेश म्हणाला.
यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी भाकरी थापत होते, वर पाहिलं नाही.
मग त्यानंच वाटी खरवडली,
तळातली शेवटची फोड,
बापाच्या ताटात, मिठाच्या शेजारी,
नेमकी जिथं वाढतात तिथं.