कच्चं बिल

दस्तगीरनं हिशोब मांडला तो
मेव्हण्याच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर,
न्हाणीच्या उंबऱ्यावर उकिडवं बसून,
कानावरची पेन्सिल काढून.
शॉवर साधाच, अठराशेचा.
"काका, भारीतला नको, आपल्या पाण्यानं
सहा महिन्यांत भोकं बुजतात."
मग मिक्सर. म्हणजे गीझर.
म्हणजे बंब जाणार.
ते त्यानं लिहिलं नाही, मीच ऐकलं.

भिंत फोडायची, तर ही हिरवी फरशी
आता लक्ष्मीपुरीत कुणाकडंच नाही.
"मिळतीजुळती लावू," म्हणाला,
आणि मिळतीजुळतीचे वेगळे पैसे लिहिले.

मग गच्चीवर गेला. वरनं ओरडला,
"टाकी खाली आहे हो!"
पंचवीस वर्षं ती तिथंच होती,
मला कधी खाली वाटली नव्हती.
पाणी डोक्यावरनं यायचं असेल
तर टाकी अजून पाच फूट वर पाहिजे.
लोखंडी स्टँड, वेल्डिंग, उचलायला चार माणसं.
पत्रिकेची पाठ भरली.
त्यानं ती उलटली, आणि नवरीच्या नावाशेजारी
वेल्डिंगचे साडेचार हजार मांडले.

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी बीड ओतलं.
लाल रस साच्याच्या तोंडाशी
असा धरायचा की थेंब इकडंतिकडं होऊ नये.
तेव्हा खांदा माझा होता.
आता तो डॉक्टर इंगवल्यांचा आहे,
कानाच्या वर जात नाही.
तांब्या छातीपर्यंत येतो
आणि तिथं विचार करत थांबतो.

म्हणून आठ महिने शालन ओततेय.
पहिल्या दिवशी आम्ही दोघंही
भिंतीकडं बघत होतो.
आता ती गॅसवर भाजी ठेवून येते,
पदर खोचते, म्हणते, "डोळं मिटा."
अकरा तांबे.
दहाव्याला तिचं मनगट दुखतं.
ती सांगत नाही,
अकरावा अर्धाच येतो.

त्या अर्ध्या तांब्यासाठी हा सगळा खर्च.

पैसे तिच्या भिशीचे.
खरं तर गुजरीत जायचं ठरलं होतं, कानातलं बघायला.
गेलो हार्डवेअरच्या दुकानात.
तिथंही सगळं चकाकत होतं.
दुकानदारानं शॉवर खोक्यातनं काढून तिच्या हातात दिला,
तिनं त्याची भोकं मोजली.
चव्वेचाळीसला पोराचा फोन आला,
पुन्हा पहिल्यापासून.

टाकी उचलायला चौगुल्यांची पोरं आली,
चहा आणि वड्यांवर. ते बिलात नाही.
बंब भंगारवाल्यानं तोलला.
शालननं आधी राख काढली, मग चिंच लावून घासला,
मी म्हटलं, अगं वजनावर जातोय,
ती म्हणाली, "काळा कसा द्यायचा?"
सगळ्या बिलात वजाबाकी तेवढी एकच.

सोमवारी सकाळी मी आत गेलो.
आठ महिन्यांनी आतनं कडी लावली.
चावी फिरवली.
सगळीकडनं एकदमच आलं, मोजायला काही नव्हतं.
मी डोळे मिटले,
कुणी मिटा म्हणालं नव्हतं.
बाहेरनं आवाज आला, "येतंय का?"
"येतंय."
ती तरी तिथंच उभी होती,
दाराच्या फटीखाली तिच्या पायांची सावली.

मग ती गेली.
दहा मिनिटं. वीस.
भाजी करपायला लागली,
मी डाव्या हातानं गॅस बंद केला.
गच्चीवर टाकी रिकामी होत चालल्याचा पोकळ आवाज.
गीझरचा लाल दिवा कधीच लागला होता,
म्हणजे पाणी गार झालं असणार.
तिच्या अंगावर दुसऱ्या कुणी पाणी ओतलं होतं ते कधी,
मला आठवेना.
हळदीच्या दिवशी असेल.
त्यानंतर आजच.

चाळिसाव्या मिनिटाला कडी वाजली.
केस गळत होते, बोटांची टोकं सुरकुतलेली.
मला वाटलं, काहीतरी बोलेल.
बोलली.
"प्रेशर जरा कमीच आहे.
दस्तगीरला फोन लावा,
टाकी अजून फूटभर वर पाहिजे."